वाचक विचारतात: दर्यातला मनोरा डुलतो, मग तो पास कसा होतो?

मागच्या अंकात एका ओळीत लिहून गेलो होतो की खोल समुद्रातले काही तेलाचे प्लॅटफॉर्म मुद्दाम डुलतील असेच बांधतात. झालं, त्या एका ओळीवर सोलापुरातूनच एवढे प्रश्न आलेत की या वेळी दुसरं काही घेताच आलं नाही. समुद्र बघायचा तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागते अशा गावातून हे प्रश्न आले याचं मला तरी लय कौतुक वाटलं. सगळे छापता येत नाहीत, निवडक घेतलेत.

विडी घरकुलातून एक आई लिहितात: आमचं पोरगं बॉम्बे हायला कामाला लागलंय. फोनवर म्हणतं, आई, रात्री पलंग हलतो. तुम्ही लिहिलंय मुद्दाम हलते बांधतात. म्हणजे काळजी करायची का नाही ते एकदा सांगा की.

मावशी, तुमचं पोरगं ज्यावर आहे तो डुलता प्लॅटफॉर्म नाही. बॉम्बे हाय, म्हणजे आताचं मुंबई हाय, १९७४ ला सापडलं, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत आहे आणि तिथं पाणी आहे ७५-८० मीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात जाड लोखंडी पाइपांचा सांगाडा समुद्राच्या तळात खोलवर ठोकून बसवतात, त्याला जॅकेट म्हणतात. तो पावसाळ्यातल्या मोठ्या लाटेला काही सेंटिमीटर हलतो आणि दोन-तीन सेकंदात जागेवर येतो. पलंग हलतो तो बहुतेक वेळा लाटेनं नाहीच, खालच्या कॉम्प्रेसर आणि जनरेटरच्या थरथरीनं. लूमच्या शेडला लागून घर असेल तर भांडी वाजतातच ना. निवांत राहा, आणि पोराला म्हणावं फोन रोज करत जा.

जुळे सोलापूरमधून इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: सर, आम्हाला तर शिकवतात की स्ट्रक्चर जितकं कडक तितकं चांगलं. मग मुद्दाम लवचिक कशाला करायचं? आणि ते सेफ आहे हे बांधायच्या आधी कळतं कसं?

मित्रा, शिकवलेलं चूक नाही, फक्त ते कमी पाण्यापुरतं आहे. समुद्रातल्या ज्या लाटांमध्ये खरा जोर असतो त्यांचा काळ धर ५ ते २० सेकंद, म्हणजे एक लाट गेल्यावर दुसरी यायला एवढा वेळ लागतो. आता कुठलंही स्ट्रक्चर ढकलून सोडलं तर ते आपल्या स्वतःच्या ठरलेल्या काळात डुलतं, आणि तो काळ लाटेच्या काळाशी जुळला की प्रत्येक लाट आधीच्या डोलण्यात भर घालत जाते, मग संपलं. म्हणून स्ट्रक्चरचा काळ या पट्ट्यात येऊच द्यायचा नाही. जॅकेट कडक असतं, तीन-चार सेकंदांच्या खाली राहतं, लाटांच्या अलीकडच्या बाजूला. पण पाणी खोल होत गेलं की मनोरा उंच होतो, आणि उंच झाला की आपोआप मऊ होतो, त्याला कडक ठेवायला लोखंड ओतत बसावं लागतं. मेक्सिकोच्या आखातात १९८८ ला बुलविंकल नावाचं जॅकेट बसवलं, ४१२ मीटर पाण्यात, त्या जातीतलं ते टोकच म्हणायचं, त्याच्या पुढं खर्च झेपेना.

मग लोकांनी डोकं चालवलं की कडक करता येत नाही ना, तर पार मऊच करू, लाटांच्या पट्ट्याच्या पलीकडं उडी मारू. मनोऱ्याचा काळच ३० सेकंद किंवा जास्त ठेवायचा. लाट येते, ढकलते, पण मनोरा एवढा आळशी की तो हलायला लागेपर्यंत लाट उलट्या दिशेला ओढायला लागलेली असते, त्यामुळं तळाशी जोर कमी पोचतो. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा बघ, तो काठीशी ताकदीनं भांडत नाही, ती झुकेल तसा पाय टाकतो, थोडं देतो आणि परत सरळ आणतो. १९८३ ला लीना नावाचा मनोरा याच विचारानं उभा राहिला, तीनशे मीटरच्या आसपास पाण्यात, चारी बाजूंनी केबलचे ताण देऊन. पुढं बाल्डपेट आला आणि पेट्रोनियस आला, पेट्रोनियस तर ५३५ मीटर पाण्यात आहे आणि नुसता सडपातळ.

अजून एक जात आहे, टेन्शन लेग प्लॅटफॉर्म, टीएलपी म्हणतात. तरंगणारा डबा घ्यायचा आणि उभ्या लोखंडी नळ्यांनी तळाला असा ताणून बांधायचा की तो आपोआप जेवढा बुडला असता त्यापेक्षा जास्त बुडालेला राहील. पहिला १९८४ ला उत्तर समुद्रात, हटन नावाचा. याची गंमत म्हणजे हा एकाच वेळी दोन्हीकडं असतो. वर-खाली एकदम कडक, काळ दोन ते चार सेकंद, आणि आडवा एकदम मऊ, काळ शंभर सेकंदांच्या घरात. लाटांचा पट्टा मधल्यामध्ये सोडून दिलेला.

इथपर्यंत सगळं झकास वाटतं आणि बरीच प्रेझेंटेशनं इथंच टाळ्या घेऊन थांबतात. पण लाटेपासून पळून जिथं गेलास तिथं वारा बसलेला असतो. वारा काही एकसारखा वाहत नाही, झोत येतात, पडतात, परत येतात, आणि या चढउताराचा मोठा हिस्सा अर्ध्या मिनिटापासून ते काही मिनिटांपर्यंतच्या काळात असतो. कडक जॅकेटला त्याचं काही वाटत नाही, त्याला वारा म्हणजे एका बाजूनं लावलेला हात. पण ज्याचा स्वतःचा काळच ३० किंवा १०० सेकंद आहे त्याला हा झोत बरोबर त्याच्या तालात सापडतो. त्यात लाटासुद्धा एकेकट्या येत नाहीत, मोठ्या लाटांचे घोळके येतात, पाच-सात मोठ्या, मग थोड्या बारक्या, परत मोठ्या, आणि त्या घोळक्यांचा सावकाश धक्कासुद्धा मिनिट-दोन मिनिटांच्या तालात असतो. म्हणजे पळालो लाटेपासून आणि लाटांच्या घोळक्यानं आणि वाऱ्यानं मिळून गाठलं.

बांधायच्या आधी सेफ आहे का ते कळावं म्हणून प्लॅटफॉर्मचं छोटं मॉडेल पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवून, मशीननं लाटा उठवून चाचणी घेतात. आणि म्हणून माझं स्पष्ट मत आहे, लवचिक प्लॅटफॉर्मची फक्त लाटांची चाचणी घेणं म्हणजे अर्धाच पेपर तपासून निकाल लावणं. वारा वेगळा मोजला, लाट वेगळी मोजली आणि बेरीज केली, हे चालत नाही. एक हिशोब स्वतःच करून बघ. टीएलपी ५०० मीटर पाण्यात आहे, आणि वारा-प्रवाहानं तो ५० मीटर बाजूला ढकलला गेला. नळ्यांची लांबी तर तेवढीच राहते ना, मग त्या तिरक्या झाल्या की डबा खाली ओढला जातो. पायथागोरस लाव, जवळजवळ अडीच मीटर निघतं. म्हणजे डेकच्या तळाखाली लाटेसाठी जी मोकळी जागा ठेवली होती त्यातली अडीच मीटर वाऱ्यानंच खाल्ली, आणि मग येणारी मोठी लाट डेकला खालून लागते. फक्त लाटांच्या चाचणीत ही लाट आरामात खालून गेली असती. त्यात नांगराच्या साखळ्यांवर तरंगणारा प्लॅटफॉर्म असला तर बाजूला गेल्यावर साखळ्या ताणून कडक होतात, काळच बदलतो, पाठ केलेलं सगळं गणित सरकतं.

होटगी रोडवरून सूतगिरणीतले एक रिटायर्ड फोरमन: सगळं ठीक आहे, पण टाकीत खेळण्याएवढं मॉडेल ठेवून हजारो टनांचं काय कळणार? आमच्याकडं सॅम्पलला चाललेलं सूत लूमवर तुटायचं.

काका, प्रश्न एकदम धंद्यातला विचारलात, म्हणून जरा लांबण लावतो.

यामागचा नियम विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज इंजिनिअरचा आहे, त्यानं १८७० च्या दशकात टॉर्कीला टाकी बांधून जहाजांची मॉडेलं ओढून हे बसवलं. लाटेचा खेळ मुख्यतः गुरुत्वाकर्षणाचा, त्यामुळं लांबी जेवढ्या पटीत कमी केली त्याच्या वर्गमूळाच्या पटीत वेळ आणि वेग कमी करायचा. हिशोबाला सोपं म्हणून शंभरास एक मॉडेल घ्या. लांबी १०० पट कमी, वेळ आणि वेग १० पट कमी, वजन आणि जोर १० लाख पट कमी. २५ मीटरची लाट टाकीत २५ सेंटिमीटर. तीन तासांचं वादळ १८ मिनिटांत आटोपतं. सेकंदाला ४० मीटरचा वारा इथं ४ मीटरचा, म्हणजे टेबल फॅनसमोर बसल्यासारखा. आणि १० हजार टनांचा डेक झाला १० किलोचा.

आता तुमच्या सुताची गोष्ट. आकार बरोबर, वजन बरोबर, पण लवचिकपणा? वाकण्याला होणारा विरोध लांबीच्या पाचव्या घातानं कमी व्हावा लागतो, शंभरास एकला म्हणजे एक हजार कोटी पट कमी. लोखंडाचा मनोरा बारीक करून लोखंडातच केला तर मॉडेल १०० पट जास्त ताठ होतं, डुलतच नाही, आणि रिपोर्ट येतो की सगळं उत्तम आहे. म्हणून मध्ये एक बारीक दांडा किंवा प्लॅस्टिकची नळी घेतात, जी नेमकी पाहिजे तेवढी वाकते, आणि बाहेरून आकारासाठी हलके तुकडे बसवतात, एकाला दुसरा चिकटवत नाहीत, मध्ये बारीक फट सोडतात. वाकायचं काम आतल्या दांड्याचं, लाटेला अंग दाखवायचं काम बाहेरच्या तुकड्यांचं. काहींमध्ये तळाशी स्प्रिंगचा सांधा. जसं तुम्ही ताणा वेगळा आणि बाणा वेगळा सांभाळत होता, तसंच.

चाचणीच्या दिवशी काय होतं ते सांगतो, कारण पुस्तकात हे सापडत नाही. लाटा आधीच मोजून ठेवलेल्या असतात, मॉडेल टाकीत नसताना, नाहीतर मॉडेलवर आपटून परत आलेली लाट पण मोजली जाते. पंख्यांचा वारासुद्धा तसाच, मॉडेलच्या जागी वेग मोजायचं यंत्र फिरवून. मग क्रेननं मॉडेल सोडतात, खालच्या नळ्यांच्या तोंडाशी ताण मोजणारे सेल जोडतात, डेकवर चार-पाच पांढरे चमकणारे गोळे लावतात आणि भिंतीवरचे इन्फ्रारेड कॅमेरे त्या गोळ्यांवरून मॉडेल मिलिमीटरपर्यंत कुठं सरकलं ते टिपतात. सगळ्यात त्रास देते ती सेलची वायर. जुडगा वरून लोंबत असतो, आणि त्यानं नुसता २० ग्रॅमचा ओढा दिला तरी खऱ्या प्लॅटफॉर्मवर तो २० टनांचा होतो. मग कुणीतरी पाळण्यावर उभं राहून पातळ दोऱ्यानं तो जुडगा असा टांगत बसतं की ओढा जवळपास शून्य व्हावा. एवढ्या मोठ्या टाकीत सगळ्यात जास्त शिव्या या वायरीला बसतात.

मग काठीनं मॉडेल बाजूला दाबायचं आणि सोडून द्यायचं. ते डुलतं, हळूहळू थांबतं. एवढंच. पण या साध्या चाचणीतून दोन गोष्टी मिळतात, एक म्हणजे त्याचा स्वतःचा काळ आणि दुसरं म्हणजे डोलणं किती लवकर विरतं. दुसरी गोष्ट कागदावर नीट काढणं लय अवघड, आणि तालात सापडल्यावर प्लॅटफॉर्म किती लांब जाईल हे मुख्यतः तिच्यावरच ठरतं. मग आधी नुसत्या लाटा, मग नुसता वारा, मग दोन्ही, मग दोन्ही वेगळ्या दिशांनी, कारण चक्रीवादळात वारा वळून गेलेला असतो आणि लाट जुन्याच दिशेनं येत राहते. दोन चाचण्यांच्या मध्ये पाणी पूर्ण शांत होईपर्यंत हात बांधून बसायचं. घाई करून उरलेल्या हालत्या पाण्यात पुढची चाचणी लावली तर आधीच्या चाचणीचं डोलणं पुढचीत मिसळतं आणि आकडे वाया.

आणि खोट कुठं राहते तेपण सांगतो. पाण्याचा चिकटपणा काही १०० पट कमी करता येत नाही, पाणी तेच. त्यामुळं बारीक पाइपांवर आणि वाऱ्यातल्या भागांवर घर्षणाचा जोर मॉडेलमध्ये पटीत येत नाही. तरंगत्या पवनचक्कीला तर ही मोठी डोकेदुखी आहे, खऱ्या पात्याची हुबेहूब छोटी नक्कल केली तर ती त्या मंद वाऱ्यात धड जोरच देत नाही. म्हणून पात्यांचा आकार मुद्दाम बदलून जोर जुळवतात, किंवा पाती काढून तिथं एक छोटा पंखा बसवतात आणि कॉम्प्युटर त्याला क्षणाक्षणाला सांगतो की आता एवढा रेटा दे. काही ठिकाणी पैसे वाचवायला पुलीवरून दोरा घेऊन वजन टांगतात, झाला वारा. सरासरी वाऱ्यासाठी ठीक आहे, पण त्यात झोत येत नाहीत, आणि लवचिक प्लॅटफॉर्मला तर झोतांचीच परीक्षा घ्यायची असते, मग त्या दोऱ्याचा काय उपयोग.

दत्त चौकातून: एवढं कॉम्प्युटर आलं, एआय आलं, अजून टाक्या कशाला भरता?

कॉम्प्युटरला जे माहीत आहे तेवढंच तो सांगतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत खोल पाण्यातल्या प्लॅटफॉर्मच्या मॉडेल चाचण्या चालू असताना एक विचित्र गोष्ट दिसली. एखादी उंच आणि तीव्र चढाची लाट खांबांवरून गेली की ती गेल्यानंतर प्लॅटफॉर्म एकदम वेगानं थरथरायला लागायचा, आणि टीएलपीच्या नळ्यांमधला ताण एका झटक्यात वर. लाटेचा काळ बारा-चौदा सेकंद आणि थरथर तीन-चार सेकंदांची, म्हणजे त्या वेळच्या नेहमीच्या हिशोबात यांचा संबंधच यायला नको होता. याला रिंगिंग म्हणतात, आणि त्याचं गणित लोकांनी नंतर बसवलं, टाकीत दिसल्यावर. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या ड्रॉपनर प्लॅटफॉर्मवर २५.६ मीटरची एकच राक्षसी लाट मोजली गेली तेव्हा तर असल्या लाटांना गप्पा समजणाऱ्यांची तोंडं बंद झाली. तेव्हा कॉम्प्युटर पाहिजेच, हजार वादळं तो एका रात्रीत चालवतो, पण त्यातली वाईट दोन-चार निवडून टाकीत घालून बघायचीच.

अक्कलकोट रोडवरून: काही लोखंडी चिमण्यांना वरच्या बाजूला गोल गोल चढत जाणारी पट्टी असते. तुमच्या मागच्या अंकातल्या फोटोत समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मच्या नळकांड्यालाही तशीच दिसली. शोभेची आहे का?

शोभेची नाही, आणि नजर भारी आहे तुमची. गोल खांबाच्या मागं वारा किंवा पाणी आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूला भोवरे सोडतं आणि खांब आडवा हलायला लागतो. ती पट्टी भोवऱ्यांची एकी मोडते, प्रत्येक उंचीवर भोवरा वेगळ्या वेळी सुटतो, मग एकत्र जोर लागत नाही. फोटोतला तो स्पार होता, उभं तरंगणारं अजस्र नळकांडं, तेल काढणारा पहिला स्पार १९९७ चा, नेपच्यून. ३० मीटर व्यासाच्या नळकांड्यावरून सेकंदाला १ मीटरचा प्रवाह गेला तर भोवऱ्यांचा काळ साधारण १५० सेकंद निघतो, आणि साखळ्यांवर डुलणाऱ्या स्पारचा स्वतःचा काळही त्याच घरातला असू शकतो. याची चाचणी घेताना पाणी वाहवत नाहीत, उलट मॉडेलच टाकीतून हळू ओढत नेतात. पट्टीला भोक पाडलं, कुठं पाइप जाण्यासाठी तुकडा कापला, तर तेवढाही फरक आकड्यांत दिसतो.

माढ्याहून: उजनीत एवढं पाणी पडलंय. तिथं करा की चाचण्या, परदेशात कशाला जायचं?

हसू नका कुणी, कल्पना खरंच चालते. इटलीत रेज्जो कालाब्रिया गावाच्या किनाऱ्यावर अशी उघड्या पाण्यातली प्रयोगशाळा आहे, तिथं स्थानिक वाऱ्यानं उठणाऱ्या छोट्या लाटा म्हणजे खऱ्या वादळी समुद्राची छोटी प्रतच असते, आणि मॉडेल थेट समुद्रात ठेवतात. उजनीवर वारा सुटला की बारीक लाटा उठतातच. अडचण एवढीच की लाट तुमच्या हुकमावर येत नाही, पाहिजे ती लाट परत मागवता येत नाही, आणि पाण्याची पातळी आज एक तर मार्च-एप्रिलमध्ये कुठल्या कुठं, ते तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

परदेशात जायलाच पाहिजे असंही नाही. आयआयटी मद्रासला समुद्र-अभियांत्रिकीचा मोठा विभाग आणि लाटांच्या टाक्या आहेत, चेन्नईतच राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आहे, आणि आपल्या खडकवासल्याची १९१६ पासूनची जल व विद्युत संशोधन संस्था बंदरांच्या आणि किनाऱ्याच्या लाटांची मॉडेलं करते. पण फार खोल पाण्याचा प्लॅटफॉर्म असला तर टाकीही खोल लागते, नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनची टाकी १० मीटर खोल आणि मध्ये अजून खोल खड्डा, नॉर्वेत ट्रॉंडहेमची ८० बाय ५० मीटर, १० मीटर खोल. आपल्याकडंही गरज वाढणारच, काकीनाड्यासमोरच्या खोल पाण्यातून जानेवारी २०२४ पासून ओएनजीसीचं तेल तरंगत्या जहाजावर यायला लागलंय.

बाळीवेसमधून: पंखे, लाटांचं मशीन, सगळं विजेवर. चाचणी अर्ध्यात असताना लाइट गेली तर?

सोलापूरकरांशिवाय हा प्रश्न कुणाला सुचला नसता. लाइट गेली तर ती चाचणी रद्दच, अर्ध्या वादळाचे आकडे कामाचे नसतात, कारण मोठ्यातली मोठी लाट कदाचित शेवटच्या दोन मिनिटांत असते. पण नुकसान वेळेचंच. मशीनला दिलेला सिग्नल कॉम्प्युटरमध्ये साठवलेला असतो, तोच परत लावला की जवळजवळ तीच लाट त्याच क्रमानं परत उठते, आणि वाऱ्याचे झोतही तसेच लिहून ठेवलेले असतात. फक्त पाणी शांत होईपर्यंत थांबायचं, सेलचे शून्य परत बघायचे आणि वायरीचा जुडगा कुणी दुसरीकडं सरकवला नाही ना ते तपासायचं.